जो जास्त ओरडतो, त्याला आधी पैसे देऊ नका

चार वर्षं मी क्रेडिट कार्डाच्या वसुली विभागात फोनवर बसायचे. समोर स्क्रीनवर नाव, थकबाकी आणि किती दिवस उलटले ते: ३०, ६०, ९०. त्या खुर्चीतून एक गोष्ट रोज दिसायची. माणसं हिशेबाने पैसे देत नाहीत, त्राग्याने देतात. सकाळपासून ज्याचे तीन फोन आले त्याच्या पदरात पैसे टाकायचे, आणि घरभाडं राहू द्यायचं. आम्हाला ते माहीत होतं, म्हणून तर तीनदा फोन जायचे.

पुढे माझी नोकरी गेली, तीन कार्डं थकली आणि मी फोनच्या पलीकडच्या टोकाला आले. एवढं सगळं ठाऊक असूनही पहिल्या महिन्यात मी नेमकं तेच केलं. भाड्याला ठेवलेल्या पैशातून सगळ्यात उद्धट बोलणाऱ्याचा हप्ता भरला. त्याचा फोन बंद झाला आणि घरमालकाचा सुरू झाला.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वही. मी दोन महिने स्टेटमेंट उघडलीच नव्हती. आकडा पाहिला नाही की तो वाढत नाही अशी काहीतरी समजूत असावी. एका रात्री बसून सगळी उघडली. प्रत्येक कर्जापुढे चार गोष्टी लिहिल्या: एकूण थकबाकी, व्याजदर, देय तारीख आणि तारण काय आहे. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. क्रेडिट कार्ड सहसा विनातारण असतं. ते थकलं तर दंड लागतो, पत खराब होते, प्रकरण कोर्टातही जाऊ शकतं. पण घराचा हप्ता थकला तर घर जातं. म्हणून क्रम असा: राहतं घर, वीज-पाणी, जेवण, औषधं, कामावर जाण्याचा खर्च, मग तारण असलेली कर्जं. कार्डं त्यानंतर, उरलेल्यातून. फोन करणाऱ्याला हा क्रम आवडणार नाही. न आवडू दे.

त्याच दिवशी कार्ड वापरणं थांबवा. नुसतं पाकिटातून काढून चालत नाही, ॲपमध्ये साठवलेला नंबरही काढा. मागची बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे आज घेतलेल्या वस्तूवर आजपासून व्याज. कार्डावरून रोख काढली तर ते एरवीही पहिल्या दिवसापासूनच लागतं. आणि एका कार्डाचं बिल दुसऱ्यातून भरणं म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. डोकी संपतात, टोप्या संपत नाहीत.

आता ती 'किमान देय रक्कम'. समजा बाकी १,००,००० आहे, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि किमान भरणा बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात ३,००० व्याज चढून बाकी १,०३,००० होते, तिचे ५ टक्के म्हणजे ५,१५० तुम्ही भरता. पुढच्या महिन्यात बाकी थोडी उतरते, तशी किमान रक्कमही उतरते, आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, ओझं हलकं होतंय. असं ३० महिने भरत राहिलात तरी सुमारे ५२,००० शिल्लक राहतात. त्याऐवजी पहिल्याच महिन्याचे ५,१५० धरून ठेवले आणि दर महिन्याला तेवढेच भरले, तर त्याच ३० महिन्यांत कर्ज संपतं. मी हे गणित तीनदा करून पाहिलं, कारण चार वर्षं लोकांना 'निदान मिनिमम तरी भरा' सांगणारी मीच होते.

पण ५,१५० सुद्धा जमत नसतील तर? मग फोन येण्याची वाट पाहू नका, तुम्हीच करा, आणि तारीख चुकण्याआधी करा. रडगाणं नको. तीन वाक्यं पुरतात: उत्पन्न इतकं आहे, आवश्यक खर्च इतका आहे, दरमहा इतके देऊ शकते. मग विचारा: व्याज कमी होईल का किंवा थांबेल का, लेट फी माफ होईल का, थकबाकीचे ठरावीक हप्ते करून मिळतील का. पहिला माणूस बहुधा नाही म्हणेल, कारण त्याला तो अधिकारच नसतो. वरच्याकडे द्या म्हणा. फोनवर दबावाखाली मोठा आकडा कबूल करू नका. 'शब्द मोडला' अशी नोंद खात्यावर पडते आणि पुढचा माणूस ती वाचूनच बोलायला सुरुवात करतो. मी स्वतः अशा शेकडो नोंदी टाकल्या आहेत. जे ठरेल ते लेखी मागा, तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. शिवीगाळ किंवा शेजाऱ्यांना फोन झाले तर तक्रार करताना हीच वही कामी येते.

एक छोटी पण महागात पडणारी गोष्ट: पगाराचं खातं आणि थकलेलं कार्ड एकाच बँकेत असेल, तर करारात परस्पर पैसे वळते करण्याचं कलम आहे का ते पाहा. ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसे, तेही तपासा. माझा एक पगार मी बघण्याआधीच अर्धा झाला होता.

थोडेफार पैसे उरू लागले की सगळ्या कार्डांवर किमान तेवढं भरून उरलेलं सर्वात जास्त व्याजाच्या कार्डावर टाका. हिशेबाने हेच स्वस्त पडतं. मी मात्र आधी सगळ्यात छोटं कार्ड संपवलं. थोडं व्याज जास्त गेलं, पण एक नंबर कायमचा गप्प झाला आणि मला झोप लागली.

एकरकमी तडजोड, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रक्कम एकदम भरून खातं मिटवणं, करायची असेल तर कागद आधी, पैसे नंतर, आणि तेही कंपनीच्या खात्यात, वसुलीवाल्याच्या नाही. पत-अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते 'पूर्ण फेडलं' असं न दिसता 'तडजोड' म्हणून दिसतं, हे समजून सही करा. 'खातं राइट-ऑफ झालं' म्हणजे माफ झालं असं नव्हे. ती त्यांच्या हिशेबवहीतली नोंद, तुमचं देणं तसंच राहतं. आगाऊ फी घेऊन कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. कार्ड फेडायला घर तारण ठेवू नका. आणि आवश्यक खर्च भागवल्यावर वहीत काहीच उरत नसेल, तर मोफत कर्ज-सल्ला देणारं कुणी किंवा वकील गाठा, दिवाळखोरीचा मार्गही विचारून घ्या. जिथे शिल्लकच नाही तिथे हप्त्याचं वेळापत्रक काय करणार?

कार्ड संपलं की 'काही देणं बाकी नाही' असं पत्र मागा आणि दोन-तीन महिन्यांनी पत-अहवाल काढून बघा. माझं दुसरं कार्ड फेडल्यावरही तिथे थकलेलंच दिसत होतं. ते पत्र दोनदा पाठवावं लागलं.