गल्लीतली लोकं एकत्र आणायचीत? आधी ग्रुप काढू नका

"कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग हटत नाही, लोकं एकत्र येत नाहीत, काय करू?" असं कोणी ना कोणी विचारत असतंच. पहिलं सांगतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका. मी काढला होता, पुण्यात धनकवडीला, १४० मेंबर, रोज गुड मॉर्निंग आणि दिवाळी फराळाच्या ऑर्डरी, मीटिंगला आले सात, त्यातले दोघं पार्किंगवरून भांडायला.

विषय एकच घ्या, डोळ्याला दिसणारा. तारखेसकट फोटो काढा.

आता घरोघरी जायचं. मी इथेच दोन वर्षं आपटलो, कारण मी जाऊन भाषण ठोकायचो, समोरचा "छान काम करताय, आमचा पाठिंबा आहे" म्हणायचा आणि दार लावायचा. पुण्यात पाठिंबा फुकट मिळतो हो, त्याचं काय लोणचं घालायचंय? आता मी फक्त विचारतो, तुम्हाला इथे त्रास कशाचा होतो? आणि गप्प बसतो. हे गप्प बसणं लई जड जातं. एका आजींनी वीस मिनिटं सुनेचं गाऱ्हाणं ऐकवलं आणि मग सहज म्हणाल्या, रात्री साडेदहाला पिशव्या कोण टाकतं ते मला गॅलरीतून दिसतं की. भाड्याने राहणारी पोरं होती ती, सकाळी सातला कामावर जायची, कचरावेचक ताई यायच्या नऊला. आणि आम्ही तिथे 'येथे कचरा टाकू नये' चा बोर्ड लावून बसलेलो! खालच्या किराणावाल्याने त्यांच्या बादल्या नऊपर्यंत ठेवून घ्यायचं कबूल केलं, निम्मा ढीग तिथेच संपला.

उठायच्या आधी छोटं काम द्या, वार ठरवून. "रविवारी तुमच्या मजल्यावरच्या चार घरांना तुम्ही विचाराल का?" यावर "बघू" आलं की ते "नाही" समजा, रागावू नका, पुढचं दार वाजवा.

कचरावेचक ताईंना सोडून मीटिंग घेत असाल तर घेऊच नका. संघटन आपण त्यांना शिकवायचं नाहीये, १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली, तेव्हा आपण कुठे होतो? आणि पहिल्याच मीटिंगला नगरसेवक नको. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो आणि लोकांना वाटतं झालं आपलं काम.

मग अर्ज, सह्या, महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, पोच घ्यायचीच. एकटे जाऊ नका. अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकार, १० रुपये, उत्तराला ३० दिवस.

ढीग उचलला की त्याच दिवशी तिथे कुंड्या ठेवा, आणि पंधरा दिवस रात्री कोणीतरी नजर ठेवा. आमच्याकडे ती ड्युटी आजींनी मागून घेतली, गॅलरीतून टॉर्च मारतात.