मलावीत परदेशी मदतीच्या प्रकल्पावर काम करायचं असेल तर

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी औषधांचं स्टॉक कार्ड वाचायला सांगते. सार्वजनिक आरोग्याची किंवा तत्सम पदवी बहुतेक ठिकाणी लागते. पण आफ्रिकेतल्या मलावीत जिल्हा पातळीवर आकडेवारीचं काम करताना मला पदवीपेक्षा ते कार्ड जास्त उपयोगी पडलं. तारीख, आवक, जावक, शिल्लक, एवढंच त्यावर असतं. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस. मलेरिया वाढतो तेव्हाच रस्ते खचतात आणि गोळ्यांची शिल्लक शून्यावर येते. देणगीदाराच्या अहवालात मात्र ‘गोळ्या जिल्ह्याला पोचल्या’ असंच लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं! जिल्ह्याच्या गोदामातून गावच्या केंद्रापर्यंत जायला डिझेल कोण देणार, हे बऱ्याचदा कुणाच्याच बजेटमध्ये नसतं.

दुसरी गोष्ट नोंदवह्यांची. एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी पैसा देणारा ग्लोबल फंड, लसींसाठी मदत करणारी ‘गावी’ (Gavi) ही संस्था, अमेरिकेचा एचआयव्हीविरोधी कार्यक्रम पेपफार, प्रत्येकाला आपापले आकडे हवे असतात. ते भरायला केंद्रावर बहुतेक वेळा एकच नर्स, तीही ओपीडी आटोपल्यावर. त्यात प्रशिक्षणाला बोलावलं की भत्ता मिळतो, म्हणून ती जाते, आणि केंद्राला कुलूप. तिला नावं ठेवू नका. तिचा पगार किती आहे ते आधी बघा.

पगारावर पैसा घालणं देणगीदारांना आवडत नाही, फोटो काय काढणार? पण २००४ मध्ये मलावीने नेमकं तेच मागितलं. ब्रिटन आणि ग्लोबल फंडाच्या मदतीतून आरोग्य कर्मचाऱ्यांना ५२ टक्के वाढीव रक्कम मिळू लागली, शिवाय नव्या लोकांचं प्रशिक्षण वाढलं. दुसरं उदाहरण २०११ चं. एचआयव्हीचे उपचार कधी सुरू करायचे हे ठरवणारी सीडी४ चाचणी खेड्यापाड्यांत होत नव्हती. मग आरोग्य खात्याने ठरवलं, की बाधित गरोदर बाईला चाचणीची वाट न पाहता आयुष्यभरासाठी औषधं सुरू करायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हा मार्ग आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतला. निर्णय मलावीचा आणि पैसा बाहेरचा, अशी जोडी जमली की मदत कामाला येते, असं माझं मत आहे. उलटं झालं, की प्रकल्प संपताच सगळं गुंडाळलं जातं.

पैशाचा एक अवघडलेपणाही सोसावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मलावीच्या चलनाचं, क्वाचाचं, अवमूल्यन झालं, डॉलर सुमारे ११८० वरून १७०० क्वाचांवर गेला. डॉलरमध्ये पगार घेणाऱ्यांची एका रात्रीत चांदी झाली, शेजारच्या टेबलावरच्या स्थानिक सहकाऱ्यांचं मात्र बाजाराचं गणित कोलमडलं. त्या आठवड्यात महागाईवर गप्पा मारायला जाऊ नका.

नोकरीचं म्हणाल तर २०२५ मध्ये यूएसएड ही अमेरिकेची सरकारी मदतसंस्था बंद झाल्यावर बाजार आटला आहे. करार सही करण्याआधी पैसा कुणाचा, कधीपर्यंतचा आणि त्यानंतर स्थानिक कर्मचाऱ्यांचं काय, हे विचाराच. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या. सर्वसाधारण ‘समन्वयक’ पदांवर आता मलावीचेच लोक घेतात, आणि ते योग्यच आहे. तुमच्याकडे औषधपुरवठा, प्रयोगशाळा किंवा आकडेवारी यांपैकी एकात तरी पक्का हात हवा. मलावीचं आरोग्य खातं आरोग्याची आकडेवारी गोळा करायला डीएचआयएस २ (DHIS2) ही संगणक प्रणाली वापरतं. तिचे प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन मोफत आहेत. अर्ज पाठवण्याआधी तेवढं उरकून घ्या.