साथीच्या रोगावरचा पेपर हातात आला की आधी छेद शोधा

कुठलीही साथ आली की रिसर्च पेपरांचा नुसता पाऊस पडतो आणि त्यातला एकच आकडा उचलून मेसेज फिरायला लागतात, शंभरातले इतके दगावतात वगैरे. घाबरायच्या आधी शाळेतलं अंश-छेद आठवा. वरचा आकडा बहुतेकदा बरोबर असतो, घोळ असतो तो खालच्या आकड्यात.

मृत्यूदर दिसला की पहिला प्रश्न, खाली कोण मोजलंय? टेस्ट पॉझिटिव्ह आलेले, की लागण झालेले सगळे? सुरुवातीला टेस्ट बहुतेक अ‍ॅडमिट झालेल्यांचीच होते, घरीच बरे झालेले हिशोबात येतच नाहीत, मग दर फुगतो. आणि गंमत म्हणजे तो उलटाही चुकतो, कारण आज नोंदलेले पेशंट अजून आजारीच असतात, त्यांचं पुढे काय होणार ठरलेलं नसतं, पण छेदात ते आलेले असतात. २००३ च्या सार्समध्ये, म्हणजे श्वसनाच्या त्या साथीत, हेच झालं, सुरुवातीचे अंदाज बरेच कमी होते, मेमध्ये डब्ल्यूएचओने ते १४-१५ टक्क्यांवर नेले आणि शेवटी ८,०९६ केसेसमध्ये ७७४ मृत्यू, म्हणजे साधारण साडेनऊ टक्के. म्हणून पेपरची तारीख बघा, साथीच्या कुठल्या टप्प्यावर लिहिलाय ते बघा.

छेद पक्का असलेली उदाहरणं फार कमी मिळतात. २०२० मध्ये कोविड पसरलेलं डायमंड प्रिन्सेस हे क्रूझ जहाज त्यातलं एक, ३,७११ माणसं, जवळपास सगळ्यांची टेस्ट, ७१२ पॉझिटिव्ह, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना टेस्टच्या वेळी लक्षणंच नव्हती. फक्त प्रवासी बरेचसे वयस्कर होते, त्यामुळे तिथला मृत्यूदर उचलून सगळ्या जगाला लावू नका.

आर नॉटवर, म्हणजे एका पेशंटकडून सरासरी किती जणांना लागण होते त्या आकड्यावर, जास्त वेळ घालवू नका. गोवराचा १२ ते १८ सांगतात, पण तो आजार किती पसरतो याचा आकडा आहे, किती घातक आहे याचा नाही, आणि शिवाय तो सरासरी आहे. सार्समध्ये बहुतेक पेशंटनी जेमतेम कुणाला दिला आणि मोजक्या काहींनी डझनावारी लोकांना. ग्राफ असेल तर तारीख लक्षणं सुरू झाल्याची की रिपोर्ट आल्याची ते बघा, पहिली असेल तर शेवटचे काही दिवस केसेस उतरल्यासारख्या दिसतातच, रिपोर्ट यायचे बाकी असतात म्हणून.

आता हेल्थ वर्कर्स, इथे मात्र सावकाश वाचा. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४-१६ च्या इबोलात लायबेरियाचे सुमारे ८ टक्के डॉक्टर, नर्स आणि सुईणी इबोलाने दगावल्या, आणि एकूण लोकसंख्येत मात्र ०.११ टक्केच लोक दगावले. एकच छेद घेतला असता तर हे दिसलंच नसतं. आणि एवढा स्टाफ गेल्यावर बाळंतपणं, लसीकरण, मलेरियाचे उपचार सगळंच कोलमडतं, ते मृत्यू इबोलाच्या खात्यात कधीच लागत नाहीत.

कोविडमध्ये तर अंशसुद्धा धड नव्हता. मे २०२१ पर्यंत डब्ल्यूएचओकडे हेल्थ वर्कर्सच्या ६,६४३ मृत्यूंची नोंद आली होती, आणि त्यांचाच अंदाज होता ८० हजार ते १ लाख ८० हजार! त्यामुळे व्याख्या शोधाच, सफाई कर्मचारी, वॉर्डबॉय, अ‍ॅम्ब्युलन्स ड्रायव्हर धरलेत की फक्त डॉक्टर-नर्स. त्यांच्या टेस्ट इतरांपेक्षा जास्त होतात, त्यानेही केसेस जास्त दिसतात. लागण वॉर्डात झाली की घरी, हे तपासलंय का तेही बघा.

आणि "इतके टक्के नर्सेसना बर्नआउट" असा ऑनलाइन सर्व्हे असेल तर लिंक किती जणींना पाठवली आणि भरून किती जणींनी दिली हे आधी शोधा, कारण जी खरंच थकून गेलीय ती डबल ड्युटी करून आल्यावर चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरत बसणार आहे का? हा आकडा कुठेच दिला नसेल तर मी तो पेपर तिथेच बंद करतो.