मुलाखतीआधी प्रकाशनांची फाइल लावताना

आमच्या घरात दोन एच-इंडेक्स नांदतात. एच-इंडेक्स 9 म्हणजे किमान 9 पेपर असे, की प्रत्येकाचा इतरांनी किमान 9 वेळा संदर्भ दिला. बायको रेणवीय जीवशास्त्रात आहे, तिचा 31. मी गणितात, माझा 9. नोकरीची वर्षं दोघांची जवळपास सारखीच. पण मुलाखतीला समोर एखादे रसायनशास्त्राचे सर बसलेले असतील, तर ते हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून मोकळे होतात. त्यात त्यांची चूक नाही, फाइल लावणाऱ्याची आहे. म्हणून स्थाननिश्चिती, म्हणजे नोकरीतली वरची श्रेणी, असो की प्राध्यापकपदाची मुलाखत, महिना-दीड महिना आधी कामाला लागा.

आधी नाव निस्तरा. महाराष्ट्रात एस. पाटील आणि व्ही. कुलकर्णी यांना तोटा नाही, आणि शोधनिबंध हुडकून देणारं गूगल स्कॉलर दुसऱ्या पाटलांचे पेपर खुशाल तुमच्या खात्यात टाकतं. असे पेपर सापडले की स्वतः काढून टाका. आयता फुगलेला आकडा सुखावतो खरा, पण समितीतल्या एकाने जरी ‘हा माशांवरचा पेपर तुमचाच का?’ असं विचारलं, तर उरलेल्या खऱ्या पेपरांवरही संशय येतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचं उलट होतं, अर्धं काम जुन्या नावावर अडकून पडतं. संशोधकाची ओळख पटवणारा 16 अंकी ऑर्किड क्रमांक फुकट मिळतो, तो घ्या आणि दोन्ही नावं त्याला जोडा. स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीमध्ये तुमच्या दोन ओळखी तयार झाल्या असतील तर त्या एकत्र करण्याची विनंती आजच पाठवा, ते काम एका रात्रीत होत नाही.

मग आकडे उतरवा. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहा. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीच खुले केलेले मसुदे), परिषदांचे निबंध असं सगळंच मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस किंवा तशाच वेब ऑफ सायन्स या सूचीपेक्षा बहुधा मोठा दिसतो. एच-इंडेक्स एका ठिकाणचा आणि एकूण सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) दुसऱ्या ठिकाणची, अशी खिचडी करू नका. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून येणारा आकडाही जवळ ठेवा, विचारतातच.

आता खरं काम. आकड्याला त्याच्या विषयाच्या घरात बसवायचं. एच-इंडेक्स काढणारे होर्हे हर्श स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. 2005 च्या त्यांच्या निबंधातच भौतिकशास्त्रातल्या एडवर्ड विटन यांचा आकडा 110 आणि जीवशास्त्रातल्या सॉलोमन स्नायडर यांचा 191 दिला आहे. विटन यांना तर गणिताचं फील्ड्स पदक मिळालेलं, मग आकडा लहान म्हणून ते कमी पडले असं कोण म्हणेल? जीवशास्त्रात माणसं जास्त, संदर्भसूच्या लांब, आणि पद्धत सांगणारा एक पेपर हजारो प्रयोगशाळा वापरतात. प्रथिनं मोजण्याची रीत सांगणारा लॉरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा पेपर तीन लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला आहे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाच्या एका लेखामागे सरासरी किती सायटेशन, मागच्या दोनच वर्षांतले पेपर धरतो. तेवढ्या काळात गणितातला निबंध लोकांनी नीट वाचूनही झालेला नसतो. म्हणून शक्य असेल तिथे स्कोपसमधला विषयनिहाय तोललेला आकडा द्या. त्यात तोच विषय, तेच वर्ष आणि त्याच प्रकारचे लेख धरून जगाची सरासरी 1 असते, 1.4 म्हणजे सरासरीपेक्षा 40 टक्के जास्त. मात्र पेपर पाच-सहाच असतील तर एखादा गाजलेला पेपर ही सरासरी कुठल्या कुठे नेतो. तेव्हा पेपरांची संख्या शेजारीच लिहा, लपवू नका.

प्रत्येक पेपराखाली तुम्ही काय केलंत, याची एक ओळ हवी. गणितात नावं सहसा वर्णानुक्रमे लागतात, त्यामुळे वाघ नावाचा माणूस कायम शेवटी. जीवशास्त्राचे सर त्यालाच प्रयोगशाळेचा प्रमुख समजतात. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या पेपरला 5,154 लेखक आहेत, तिथे क्रमावरून काय ठरवणार? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत मात्र दोघांच्या पेपराला प्रत्येकी 70 टक्के गुण, आणि दोनाहून जास्त लेखक असतील तर प्रथम किंवा करस्पाँडिंग (पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या) लेखकाला 70 व बाकी प्रत्येकाला 30 टक्के. हे गणित पेन्सिलीने आधीच मांडून ठेवा.

नियतकालिकांचे पुरावे कंटाळवाणे, पण टाळू नका. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. त्याआधीचे पेपर असतील तर त्या वर्षी नियतकालिक यादीत होतं हे दाखवणाऱ्या पानाची छापील प्रत लावा. खऱ्या नियतकालिकाच्या नावाने नकली संकेतस्थळंही चालतात, तेव्हा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, ताडून पाहा. इम्पॅक्ट फॅक्टर तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या अहवालातलाच धरा, नियतकालिकाने आपल्या मुखपृष्ठावर मिरवलेला नव्हे.

शेवटी पहिलं पान दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि गप्प बसा. मी बायकोला दिलं होतं. तिसऱ्या ओळीवर तिने विचारलं, ‘हे चांगलं की वाईट?’ ती ओळ मी पुन्हा लिहिली.