एमआयडीसीजवळ बोअर आहे? मग नुसता टीडीएस बघून सोडू नका

सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीच्या आसपास ज्यांचं बोअर आहे त्यांच्यासाठी सांगतोय, टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतं, शिसं, क्रोमियम असे जड धातू वेगळे कळत नाहीत. आयएस १०५०० म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, एवढंसं मीटरला कुठं दिसणार? आणि उकळून जड धातू जात नाहीत, पाणी आटलं की उलट प्रमाण वाढतं.

सॅम्पल घेताना मोटार आधी पंधरा-वीस मिनिटं चालवा, पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ द्या, मग थेट बोअरच्या नळाला धरा, टाकीचं किंवा फिल्टरचं नको. बाटली लॅबचीच घ्या, कारण धातूंच्या टेस्टसाठीच्या बाटलीत ॲसिड घातलेलं असतं, ती विसळायची नाही. सॉल्व्हंटची, म्हणजे कारखान्यात वापरतात त्या उडून जाणाऱ्या रसायनांची शंका असेल तर वेगळी काचेची बाटली, काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहिला तर सॉल्व्हंट त्यात उडून जातं आणि रिपोर्ट उगाच चांगला येतो! बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

लॅब एनएबीएलवाली, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली बघा, आणि 'पिण्याच्या पाण्याची टेस्ट' एवढंच म्हणू नका, जड धातू, सॉल्व्हंट असं नाव घेऊन लिहून द्या. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा करा. रिपोर्ट येईपर्यंत लहान लेकरांना ते पाणी प्यायला देऊ नका.