टायपिन, कफलिंक, पॉकेट स्क्वेअर: कोटावर काय आणि कुठे

मे महिन्याच्या लग्नसराईत सांगलीच्या मंगल कार्यालयांत कोट घालून आलेल्यांचे टाय पंख्याच्या वाऱ्याने खांद्यावर नाहीतर ताटात जातात. टायपिन, म्हणजे टाय शर्टाला धरून ठेवणारा चिमटा, असते ती हे थांबवायला. म्हणून टायचा पुढचा पदर, मागचा पदर आणि शर्टाची बटनपट्टी, अशी तिन्ही पिनेत आली पाहिजेत. बहुतेक जण फक्त टायचे दोन पदर पकडतात; मग पिनेसकट टाय झुलतो आणि तिच्या वजनाने आणखी खाली ओढला जातो.

जागा वरून तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधली, पिन अगदी आडवी. त्याहून खाली लावली तर बंद कोटाखाली झाकली जाते. टाय तीन इंच रुंद असेल तर पिन दोन-सव्वादोन इंचांची घ्या; टायच्या कडेबाहेर ती कधीही जाऊ नये. घेताना चिमट्याच्या दातांवरून बोट फिरवून पाहा, धारदार दात रेशमाचे धागे ओढतात. पिन लावून झाली की तिच्या वरचा टाय बोटाने किंचित वर ओढून सैल करा, म्हणजे मान वळवताना ताण येत नाही. आत वेस्टकोट असेल तर पिन लावूच नका, टाय त्यानेच धरलेला असतो.

कफलिंक म्हणजे शर्टाचे कफ बंद करायला बटणाऐवजी लावायची जोड; तिची तयारी शर्ट शिवायला टाकतानाच करावी लागते. सातारा-सांगलीकडे मापाने शर्ट शिवून घेणारे अजून बरेच आहेत, त्याचा फायदा घ्या. टेलरला स्पष्ट सांगा: डबल कफ (दुमडून दुहेरी होणारा), बटण नको, प्रत्येक कफाला चार काज, आणि दुमडल्यावर चारही एका रेषेत. दुमडलेला कफ अडीच इंचांच्या आसपास बसतो. घड्याळाच्या हाताचा कफ थोडा सैल ठेवायला सांगा. कोटाची बाहीही त्याच वेळी तपासून घ्या: कफ अर्धा इंच बाहेर दिसला पाहिजे. बाही लांब किंवा अरुंद असेल तर कफलिंक आत अडकते आणि कापड फुगते.

घालताना कफ बाहेरच्या बाजूला दुमडा. दोन्ही कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत, नमस्कारातल्या तळव्यांसारख्या समोरासमोर टेकवायच्या. चारही काजांतून दांडी घाला आणि मागची गोळी आडवी फिरवा. हात खाली सोडल्यावर नक्षी बाहेरच्या बाजूला दिसायला हवी. दुकानातच गोळी फिरवून पाहा. ती सैल फिरत असेल तर जोड घेऊ नका, कार्यालयाच्या गर्दीत एक हमखास पडते.

पॉकेट स्क्वेअरला, म्हणजे कोटाच्या छातीवरच्या खिशातल्या रुमालाला, पांढरा सुती किंवा लिननचा, सुमारे तेरा इंचांचा चौकोन सगळ्यात सोयीचा. दोनदा दुमडून लहान चौकोन करा, एक बाजू आत घेऊन खिशाच्या रुंदीएवढी पट्टी करा, मग खालचा भाग वर दुमडून उंची अशी जुळवा की अर्धा इंचच वर दिसेल. रेशमी असेल तर तो घसरून खिशात बुडतो. घडीत एक व्हिजिटिंग कार्ड ठेवा. टायच्या कापडाचाच रुमाल असलेला तयार सेट टाळा. टायमधला एखादा दुय्यम रंग उचलला तर पोशाख जास्त खुलतो. नव्या कोटाचा खिसा कच्च्या टाक्याने बंद असतो, तो टाका उसवून घ्या. काही स्वस्त कोटांना नुसती वरची पट्टी असते, आत खिसाच नसतो. खरेदीआधी बोट घालून पाहा.

डोक्यावर फेटा येणार असेल तर ब्रोच (कोटावरची शोभेची पिन) आणि पॉकेट स्क्वेअर दोन्ही काढून ठेवा. फेट्याचा रंग आणि तुरा एवढे पुरते, त्याच्याशी स्पर्धा करणारे काहीही वाईट दिसते. स्वागताला फूल मिळाले तर देठ डाव्या लॅपेलच्या (कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्टीच्या) काजातून घाला आणि पिन मागून टोचा.

पट्टा बुटांच्या रंगाचा, कमरेपेक्षा दोन इंच मोठा. बक्कल, घड्याळ, टायपिन आणि कफलिंक यांचा धातू एकाच रंगाचा हवा. लग्नाची अंगठी याला अपवाद, ती काढायची नाही.

साताऱ्याच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते आणि चांदी काळवंडते. पट्टा गुंडाळून न ठेवता हवेशीर जागी टांगा. कफलिंक आणि पिन घामाचा अंश पुसून, कोरड्या करून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या बंद पिशवीत ठेवा. मुलामा दिलेल्या वस्तू टूथपावडरने घासू नका, मुलामा निघून खालचे पितळ उघडे पडते.