आई-लेकीच्या सायकली, मांडवा ते महाड: निघण्याआधीची यादी

सगळ्यात आधी पैशांचं ठरवा, टायरचं नंतर. मी आणि माझी लेक मानवी हक्कांसाठी देणगी गोळा करायला सायकलवरून महाडला निघतोय. अशा फेरीसाठी देणगी मागताना 'दर किलोमीटरमागे इतके रुपये' अशी पद्धत असते. ऐकायला छान वाटते, पण मूल सोबत असेल तर ती अजिबात नको. आठवीतल्या मुलीचे पाय भरून आलेत, ऊन चढलंय आणि डोक्यात मामाचे पुढच्या दहा किलोमीटरचे पाचशे रुपये. अशा वेळी ती 'थांबूया' म्हणेल कशाला? म्हणून आम्ही रक्कम ठोक मागतोय. महाडला पोचलो तरी तेवढीच, मधूनच टेम्पोत बसलो तरी तेवढीच. हे देणगी मागायच्या निरोपाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

दुसरी गोष्ट याच्याच पोटातली. थांबायचं की नाही, हे लेक ठरवणार. कारण विचारायचं नाही आणि 'आता थोडंच राहिलंय' तर मुळीच म्हणायचं नाही. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं बारावं कलम म्हणतं, मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं म्हणणं ऐकलं पाहिजे. भारतानं तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. मानवी हक्कांसाठी म्हणून निघायचं आणि पोरीला रेटत न्यायचं, हे काही खरं नाही. वाहतुकीच्या बाबतीत मात्र आईचा शब्द शेवटचा, हेही आधीच बोलून घ्या. मागे ट्रक असताना मतदान घेता येत नाही.

तारीख ठरवताना मोह पुष्कळ होतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्चचा, पण मार्चमध्ये रायगड जिल्ह्यात दुपारी सायकल चालवणं मुलांचं काम नाही, आणि परीक्षाही तोंडावर. मनुस्मृती दहनाचा २५ डिसेंबर नाताळच्या सुट्टीत येतो. तेव्हा अलिबाग-मुरूडला खोली मिळायची मारामार आणि रस्त्यावर गाड्याच गाड्या. आम्ही १० डिसेंबर धरलाय. १९४८ साली त्याच दिवशी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. सहा तारखेची चैत्यभूमीची गर्दी ओसरली की सातला पहाटे निघायचं. शाळेला अर्ज आत्ताच द्या, आणि त्यात 'घरगुती कारण' लिहू नका, खरं कारण लिहा.

रस्ता थेट महामार्गाचा नको. पनवेल, पेण, माणगाव, महाड हा सरळ मार्ग अवजड गाड्यांचा आहे. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडवा, पुढे अलिबाग करून रेवदंड्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून काशीदवरून मुरूड. तिसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी आणि तिथून म्हसळा. चौथ्या दिवशी माणगाव आणि तिथून महाड. शेवटचे पंचवीस-तीस किलोमीटर महामार्गावरूनच काढावे लागतात, म्हणून म्हसळ्याहून उजाडता उजाडता निघायचं. फेरीबोटींच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा. रेवदंडा-मुरूड नकाशावर किनाऱ्याचा सपाट रस्ता दिसतो; प्रत्यक्षात एक चढ संपतो तोच दुसरा उभा राहतो. लेकीला वाटेत रायगडही हवा आहे. तो पुढच्या वर्षी.

बोटीचा मोह मला आणखी एका कारणानं आहे. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून बोटीनंच निघाले होते, आणि दासगावच्या बंदरात उतरून सगळे तिथून महाडला चालत गेले. आमच्या शेवटच्या टप्प्यात दासगाव लागतं. तिथे थांबायचं हे यादीत लेकीच्या अक्षरात आहे.

मुलांची खरी तयारी पायांइतकीच तोंडाची. चहाच्या टपरीवर कुणीतरी हमखास विचारणार, 'कशासाठी एवढी उठाठेव?' उत्तर आईनं द्यायचं नाही. ते पाठ करूनही घेऊ नका, गोष्ट सांगा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, आणि तरी पाणी प्यायला १९२७ मध्ये मोर्चा काढावा लागला. पाणी प्यायल्यावर मार खावा लागला. मग कोर्टकचेरी सुरू झाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. कागदावर हक्क मिळणं आणि घोटभर पाणी मिळणं यांत एवढं अंतर कसं, हा प्रश्न मुलांना आपोआप पडतो. आमच्याकडे तो जेवता जेवता पडला आणि आमटी गार झाली.

पैसे कुणाला द्यायचे तेही याच गोष्टीतून ठरलं. पावसाळा सरला की रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि ती उचल फिटता फिटत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. अशा कुटुंबांना सोडवून त्यांचे दाखले, रेशनकार्ड, मुलांची शाळा पाहणारी नोंदणीकृत संस्था निवडा, आणि देणगी तिच्याच खात्यात थेट जाऊ द्या. आपल्या यूपीआयवर गोळा करून पुढे पाठवायचा घोळ नको. करसवलतीची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ८०जीची, पावती हवी असेल तर पॅन लागतो, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. परदेशातला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर संस्थेकडे परदेशी निधीची परवानगी असायला हवी. हे आधी विचारून घ्या, नाहीतर पैसे परत पाठवताना संस्थेचे हाल. वाटेत भट्टी दिसली तर तिथल्या मुलांचे फोटो काढायचे नाहीत. आमचा फोटो काढा हवा तेवढा.

आता सायकल. लेकीची सीट निघण्याआधी पुन्हा मोजा, या वयात मुलं महिन्यात उंच होतात. टायर थोडे जाड असू देत, ब्रेकचे रबर नवे, आणि चढासाठी सगळ्यात हलका गिअर नीट पडतोय ना ते पाहा. दोन्ही सायकलींच्या चाकाचं माप एकच असेल तर ट्यूबही एकाच मापाच्या लागतात. जादा ट्यूब घ्याच, कारण बारीक व्हॉल्व्हची ट्यूब गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचं सोल्युशन, ॲलन की, चेनचं तेल. खाऱ्या वाऱ्यानं चेन लवकर गंजते, तेव्हा रोज संध्याकाळी पुसून तेल. पंक्चर लेकीला काढता आलं पाहिजे. घरच्या गॅलरीत सराव करून घ्या. हेल्मेट, मागचा लाल दिवा दिवसाही चालू, चमकणारी जाकिटं. मूल पुढे, आई मागे. उतारावर अंतर वाढवायचं.

गादीवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही. हे सांगताना दोघींना हसू येतं, पण शिवणीनं मांडी सोलवटते तेव्हा येत नाही.

पाळीची तारीख कॅलेंडरवर आधीच पाहा. जवळ येत असेल तर लेकीलाच विचारा काय करायचं; पुढे ढकलायच्या गोळ्या सायकलसाठी नकोत. पॅड, कागदी पिशव्या, जादा चड्डी, पाण्याची वेगळी बाटली. स्वच्छतागृहांची जागा मुक्कामाइतकीच काळजीनं शोधून ठेवा: पेट्रोल पंप, एसटी स्टँड, ओळखीची घरं. नाहीतर बायका करतात तेच होतं, सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि सायकलवर ते परवडत नाही.

खायला गूळ-शेंगदाणे, केळी, चिक्की. जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात, अंदाजे पेल्यात नाही. मासळीचं ताट रात्रीसाठी ठेवा, चढाआधी नको. फोनमध्ये ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ लेकीलाही माहीत हवेत.

परतीचं आत्ताच ठरवा. महाडजवळचं वीर स्थानक छोटं आहे, तिथे सायकली गाडीत चढवता येतीलच हे गृहीत धरू नका, आणि एसटीचं सगळं वाहकाच्या मर्जीवर. आम्ही टेम्पो सांगून ठेवलाय. त्याचं भाडं, मुक्काम, जेवण, सगळं आमच्या खिशातून. देणगीतला रुपयाही त्यात नाही. आल्यावर संस्थेकडून जमा रकमेचा आकडा घेऊन देणाऱ्या प्रत्येकाला कळवायचा. तो निरोप लेक लिहिणार आहे, शुद्धलेखन मी तपासेन.